‘डोकं थांबतच नाही’: नैराश्यातले तेच ते विचार आणि मेंदूतली जाळी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेली ११ वर्षं मी एका मानसोपचारतज्ज्ञांच्या ओपीडीला लागून असलेल्या खोलीत समुपदेशक म्हणून बसते. नैराश्याने गांजलेला माणूस समोर येऊन बसला की ‘मी उदास आहे’ असं क्वचितच म्हणतो. ‘डोकं थांबतच नाही हो’ हे मात्र जवळजवळ रोज ऐकू येतं. खालचे प्रश्न त्याच खोलीतले: काही पेशंटचे, काही त्यांच्या घरच्यांचे, काही मोबाईलवर अर्धवट वाचून आलेल्यांचे. उदाहरणांतले तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.

विचार तर सगळेच करतात. मग ‘तेच ते विचार’ हा आजाराचा भाग कधी होतो?

एक ताई सांगत होत्या. सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. चार वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला नणंद चारचौघींत म्हणाली होती, ‘वहिनींना काही जमतच नाही.’ ते वाक्य आठवलं. मग तेव्हा आपण गप्प का बसलो, नेहमीच गप्प का बसतो, आपण अशा का, शाळेतही अशाच होतो, आईसुद्धा हेच म्हणायची. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅसचा वास आला तेव्हा त्या भानावर आल्या. दूध ओट्यावरून पायावर ठिबकत होतं आणि मनात पहिलं वाक्य आलं, ‘बरोबरच बोलली ती.’

विचार न बोलावता आला. एका प्रसंगावरून घसरत घसरत ‘मी मुळातच कशी आहे’ यावर गेला. आणि एवढं मनात घोळूनही हाती काहीच लागलं नाही, उलट जुन्या दुखण्यावर शिक्का बसला. कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात, तसं. मानसशास्त्रात याला रुमिनेशन म्हणतात आणि तो शब्द गुरांच्या रवंथावरूनच आला आहे. गाईच्या रवंथाने चारा पचतो, इथे मात्र काहीच पचत नाही.

अधूनमधून असं सगळ्यांनाच होतं. पण तास न् तास होत असेल, हातातलं काम सुटत असेल, झोप उडत असेल आणि सोबत दोन आठवडे किंवा जास्त काळ उदासी किंवा कशातच रस न वाटणं असेल, तर दाखवून घ्यायला हवं.

काळजी करणं आणि हे, एकच का?

चुलत भावंडं म्हणा. काळजी बहुतेक पुढच्या गोष्टींची असते: ‘असं झालं तर?’ उगाळणं बहुतेक मागचं: ‘असं का झालं?’ पण फिरायची पद्धत तीच, म्हणून हल्ली संशोधक दोन्हींना ‘पुनरावर्ती नकारात्मक विचार’ या एकाच छत्रीखाली घेतात. ते फक्त नैराश्यात नसतात. चिंतेच्या आजारात, निद्रानाशात, एखाद्या आघातानंतरही असतात.

आधी नैराश्य येतं की आधी विचार?

दोन्ही एकमेकांना ओढतात. पण सवय आधीपासून असेल तर पुढे काय होतं, हे एका भूकंपाने दाखवून दिलं. सुसन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ तेव्हा कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात होत्या. त्यांनी १३७ विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. मन खट्टू झालं की तुम्ही काय करता, असा तिचा रोख. त्यानंतर १४ दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, तिथे लोमा प्रिएटाचा ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. भूकंपानंतर १० दिवसांनी आणि पुन्हा ७ आठवड्यांनी त्याच मुलांना गाठलं. ज्यांना दुःख उगाळत बसायची सवय आधीपासून होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त होती. भूकंपाआधी ती मुलं किती उदास होती हे हिशेबात धरूनसुद्धा.

संकटानंतर मागे वळून ‘मी आधीपासून असाच होतो’ असं कुणीही सांगेल. इथे सवयीची नोंद संकटाआधीची होती, म्हणून हा अभ्यास मला मोलाचा वाटतो.

मेंदूतलं ‘नेटवर्क’ म्हणजे काय? आत तारा असतात का?

मज्जातंतूंचे जुडगे असतातच. पण नैराश्याबद्दलच्या बातम्यांत ‘कनेक्टिव्हिटी’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्या तारांबद्दल बोलणं चाललेलं नसतं. लोडशेडिंगचे दिवस आठवा. रात्री गच्चीवर उभं राहिलं की दिसायचं, मागची आळी आणि पलीकडची शाळा एकदमच अंधारात जातात, एकदमच उजळतात. तारा कुठून गेल्यात हे आपण पाहिलेलं नसायचं, पण दोन्ही एकाच फीडरवर आहेत एवढं कळायचं. मेंदूचं चालू काम टिपणाऱ्या एफएमआरआय या स्कॅनमध्ये हेच करतात. माणूस मशीनमध्ये शांत पडून असतो. मेंदूच्या प्रत्येक भागातल्या रक्तातला ऑक्सिजन किती आहे, याचा संकेत दर दोनेक सेकंदांनी टिपला जातो. दूरदूरच्या ज्या दोन भागांतला संकेत बरोबरीने चढतो-उतरतो, ते एका जाळ्यात आहेत असं मानतात.

ही वाट दाखवली भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल यांनी, १९९५ साली, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये. माणूस बोटही हलवत नसताना मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे हात हलवणारे भाग एकमेकांच्या तालात चढत-उतरत होते. तोवर अनेक जण या संथ लाटांना मशीनचा नाहीतर श्वासाचा गोंगाट समजत होते.

मग डिफॉल्ट मोड नेटवर्क कुठलं? ते वाईट असतं का?

नाही! त्याच्याशिवाय तुम्ही तुम्ही राहणार नाही. १९९०च्या दशकात संशोधकांच्या लक्षात यायला लागलं की माणसाला गणित किंवा शब्दांचं काम दिलं की मेंदूचे काही भाग जास्त काम करतात हे खरं, पण काही ठरावीक भाग दरवेळी मंदावतात. काम संपलं की पुन्हा जागे. मार्कस रेकल आणि सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याला ‘डिफॉल्ट मोड’ हे नाव दिलं. कपाळामागे मध्यरेषेवरचा एक भाग, डोक्याच्या मागच्या बाजूला आत खोल दडलेला एक भाग, दोन्ही कानांच्या वर-मागे असलेले भाग आणि आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसचा परिसर, अशी ही मंडळी.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण खर्च साधारण २० टक्के ऊर्जेचा. आणि एखादं अवघड काम हाती घेतलं तरी हा खर्च थोडासाच वाढतो. म्हणजे रिकामं बसलेल्या माणसाचा मेंदू रिकामा नसतोच. तो जुन्या आठवणी काढतो, उद्याचे बेत करतो, समोरच्याच्या मनात काय असेल याचा अंदाज घेतो, स्वतःची गोष्ट स्वतःला सांगतो. बसच्या खिडकीत बसून आपण जे करतो ते सगळं.

नैराश्यात यातलं काय बिघडतं?

एक धागा बऱ्याच अभ्यासांत सापडतो. कपाळामागे, खाली आणि आत एक छोटा पट्टा आहे, एरिया २५ म्हणतात त्याच्या आसपास. दुःखाशी आणि शरीरावरच्या त्याच्या परिणामांशी, म्हणजे भूक, झोप, अंगातली शक्ती यांच्याशी, त्याचा जवळचा संबंध आहे. मायकल ग्रायशियस यांच्या गटाने २००७ साली दाखवलं की नैराश्याच्या रुग्णांमध्ये हा पट्टा डिफॉल्ट जाळ्याशी जास्तच जोडलेला दिसतो, आणि चालू आजार जितका लांबलेला तितकी ही जोडणी जास्त. पॉल हॅमिल्टन, इयन गॉटलिब आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली आधीचे अभ्यास एकत्र करून हीच जोडणी ठळक असल्याचं मांडलं. त्यांचा अर्थ असा: एरवी स्वतःबद्दल विचार करणाऱ्या जाळ्याला दुःखाचा रंग देणारा भाग येऊन चिकटला, की स्वतःचा विचार म्हणजे दुःखाचाच विचार होऊन बसतो.

दुसरा धागा जाळं बदलण्याचा. समोर काम आलं की लक्ष एकवटणारं जाळं पुढे यायला हवं आणि डिफॉल्ट जाळ्याने मागे सरायला हवं. ही अदलाबदल तिसरं एक जाळं करतं. आत्ता महत्त्वाचं काय, हे ते ओळखतं. स्टॅनफर्डचे विनोद मेनन यांनी २०११ साली ही तीन जाळ्यांची मांडणी केली. रेल्वेत सांधा ओढून गाडीचा रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनसारखं हे तिसरं जाळं. नैराश्यात सांधा वेळेवर बदलत नाही, गाडी त्याच रुळावर फिरत राहते. ताईंच्या समोर दूध होतं, वर येतही होतं, डोळे उघडे होते. पण सांधा बदललाच नाही.

म्हणजे शास्त्रज्ञांना कारण सापडलं?

नाही, आणि हे लपवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. २०१५ साली रोझलिंड कायझर आणि सहकाऱ्यांनी २५ शोधनिबंध एकत्र केले, ५५६ रुग्ण आणि ५१८ निरोगी माणसं. उत्तर आलं: नैराश्यात डिफॉल्ट जाळ्यातली जोडणी वाढलेली, लक्ष सांभाळणाऱ्या जाळ्यातली कमी झालेली. सगळं जुळतंय असं वाटलं. मग २०१९ साली चीनमधल्या २५ गटांनी आपला डेटा एकत्र केला, १,३०० रुग्ण आणि १,१२८ निरोगी. त्यात वारंवार नैराश्य येणाऱ्यांच्या डिफॉल्ट जाळ्यातली जोडणी चक्क कमी निघाली, आणि तिचा संबंध औषधं चालू असण्याशी दिसला. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या, औषध न घेतलेल्या रुग्णांत हा फरक नव्हता.

दोन्ही अभ्यास चांगल्या माणसांनी काळजीपूर्वक केलेले आहेत. गडबड कुठे असावी? एक तर डोकं मिलिमीटरभर हललं तरी आकडे बदलतात. दुसरं, नैराश्य हे एकच लेबल फार वेगवेगळ्या दुखण्यांवर चिकटवलं जातं. कुणी खात नाही, कुणी खात सुटतो. तिसरं कारण मला सगळ्यात पटतं. ‘स्वस्थ पडून राहा’ म्हटल्यावर मशीनमधला माणूस आत काय करतोय हे कुणाला ठाऊक? एक जण घरचं भाडं मोजतो, एक जण झोपतो, एक जण नणंदेचं वाक्य ऐकतो. म्हणून अलीकडे मशीनमध्ये असताना मुद्दाम एखादा कडू प्रसंग आठवून उगाळायला लावतात आणि तेव्हाची जोडणी बघतात. अशा अभ्यासांत डिफॉल्ट जाळ्याचा गाभा आठवणींच्या भागाशी घट्ट झालेला दिसतो. सगळं जाळं एकजात ‘जास्त’ किंवा ‘कमी’ असं ते चित्र नाही, आतल्या आत नाती बदलतात.

मग मी मेंदूचा स्कॅन करून घेऊ का?

नैराश्य आहे की नाही हे ठरवायला? नको.

एक निवृत्त गुरुजी आले होते. मुलाने कुठल्याशा केंद्रात नेऊन त्यांचं ‘ब्रेन मॅपिंग’ करून आणलं होतं. गुळगुळीत फाईल, लाल-पिवळ्या रंगांची चित्रं, खाली लिहिलेलं, ‘विचारांचं नेटवर्क अतिसक्रिय’. गुरुजी ती फाईल मांडीवर धरून म्हणाले, ‘मॅडम, म्हणजे माझा मेंदूच तसा झालाय. आता काय करणार?’ ज्या पैशात सहा महिन्यांची औषधं आणि समुपदेशन झालं असतं, त्या पैशात त्यांना एक निराशा विकत मिळाली होती. मला त्याचा आजही राग येतो.

वर सांगितलेले सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. पुण्याच्या माणसांची सरासरी उंची कळली म्हणून तुमची उंची कळत नाही. २०२२ साली एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की मेंदूची जोडणी आणि माणसाचं वागणं यांचा भरवशाचा संबंध लावायला हजारो माणसं लागतात. एका माणसाच्या एका चित्रावरून नैराश्याचं निदान करणारी कुठलीही चाचणी आज मान्य नाही.

डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर मात्र करा. तो गाठ, पक्षाघात असं दुसरं काही नाही ना, हे बघायला असतो. थायरॉइड आणि बी-१२ची रक्ततपासणी सांगतील तीही करा. त्यातून कितीतरी वेळा उपयोगी काही निघतं.

घरचे सारखे म्हणतात, ‘विचार करू नकोस.’ मला ते जमत का नाही?

कारण ते कुणालाच जमत नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर ‘आता हवा तितका विचार करा’ म्हटल्यावर, आधी दाबून ठेवलेल्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं. विचार हाकलायचा तर तो आला का हे सतत बघावं लागतं, आणि बघणं म्हणजेच त्याला आत घेणं.

घरच्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: ते वाक्य बोलू नका. त्यातून ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की आपल्याला साधी गोष्टही जमत नाही, आणि उगाळायला नवा विषय मिळतो. ‘चल, कोथिंबीर निवडू’ म्हणा. ‘दुकानापर्यंत येतोस का’ म्हणा. जवळ बसा.

पण विचारच केला नाही तर प्रश्न सुटणार कसा?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण उगाळणाऱ्या माणसाला आपण उगाळतोय असं वाटतच नाही. आपण मुळाशी जातोय असं वाटतं. ‘एकदा का कारण सापडलं की सुटलो.’ त्या भरवशावर वर्षं जातात.

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातले एडवर्ड वॉटकिन्स यांनी यावर बरंच काम केलं आहे. त्यांचं म्हणणं, तुम्ही कशाबद्दल विचार करता यापेक्षा कसा करता यावर सगळं ठरतं. ‘माझंच असं का होतं?’ हा हवेतला विचार. त्याला उत्तर नसतं, असलं तर ‘कारण मी असाच आहे’ एवढंच असतं. ‘मंगळवारी बँकेत नेमकं काय झालं? काउंटरवरचा माणूस काय म्हणाला, मी काय म्हणालो, पुढच्या वेळी कुठला कागद आधी काढून ठेवू?’ हा जमिनीवरचा विचार. प्रसंग तोच, दुखणं तेच. पण दुसऱ्या वाटेने गेलं की कुठेतरी पोचता येतं.

मी लोकांना एक साधी परीक्षा देते. १० मिनिटं घड्याळ लावून विचार करा. शेवटी एखादी करण्याजोगी गोष्ट हाती लागली का? किंवा आधी न दिसलेलं काही दिसलं का? लागलं असेल तर तो विचार होता, करत राहा. नसेल आणि मन आणखी जड झालं असेल, तर ते उगाळणं होतं, आणि पुढच्या १० मिनिटांनीही तेच होणार आहे.

नोलेन-होक्सेमा यांच्या गटानेही २००३ साली आपली जुनी प्रश्नावली चाळून उगाळण्याचे दोन प्रकार वेगळे काढले: कुढत बसणं आणि आत डोकावून समजून घेणं. काळाच्या ओघात नैराश्य वाढवण्याशी नातं दिसलं ते कुढण्याचं. म्हणून आत्मपरीक्षण बंद करा असं मी कधीच म्हणत नाही.

मैत्रिणीशी रोज तासभर याच विषयावर बोलते. बोलल्यावर बरं वाटतं. चूक आहे का?

मन मोकळं करणं चूक कसं असेल? पण अमांडा रोझ यांनी २००२ साली शाळकरी मुलामुलींमध्ये पाहिलं की दोघींनी मिळून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा चघळण्याने मैत्री घट्ट होते आणि नैराश्याची लक्षणंही जास्त आढळतात. दोन्ही एकदम. मैत्रिणीशी जरूर बोला, फक्त अर्धा वेळ त्यावर आणि अर्धा वेळ ‘मग उद्या काय करूया’ यावर असं ठरवून घ्या. आणि कधी कधी नुसतंच भाजी आणायला जा.

उपचार कोणते? त्याने मेंदूतली जोडणी बदलते का?

बोलण्याच्या उपचारांपासून सुरुवात करते, कारण ते माझं क्षेत्र. उगाळण्यावरच नेम धरलेली एक उपचारपद्धती वॉटकिन्स यांनी तयार केली. तिचा गाभा असा: विचाराशी वाद घालत बसायचं नाही, ती सवय कधी, कुठे, कशाने सुरू होते ते शोधायचं आणि त्या जागी दुसरी सवय बसवायची. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधं घेऊनही लक्षणं पूर्ण न गेलेले ४२ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांसोबत ही पद्धत मिळालेल्यांपैकी ६२ टक्के आजारातून बाहेर आले, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २१ टक्के. चाचणी छोटी होती, पण फरक मोठा होता. पुढे २०१६ साली अमेरिकेत किशोरवयीन मुलांवर हीच पद्धत वापरून आधी-नंतर स्कॅन केले. उगाळणं कमी झालं आणि डिफॉल्ट जाळ्याच्या मागच्या भागाची कपाळाच्या उजव्या बाजूशी असलेली जोडणीही सैल झाली. म्हणजे गुरुजींना जे कायमचं वाटलं होतं, ते बोलण्याने आणि सरावाने हलतं.

पण मला सगळ्यात जास्त उमेद देणारा अभ्यास स्कॅनचा नाहीच. तो आपल्या शेजारी, गोव्यात झाला. ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी ते खूप तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण घेतले. समुपदेशन करणारी माणसं गावातलीच होती, मानसशास्त्राची पदवी नसलेली, काही आठवडे शिकवून तयार केलेली. सहा ते आठ भेटी. त्यात कारणं खणत बसण्यावर भर नव्हता. दिवस कसा जातो ते मांडायचं आणि सोडून दिलेली कामं, माणसं, छंद हळूहळू परत आणायचे. २०१७ साली निकाल आले: तीन महिन्यांनी हे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हातापायांना काम मिळालं की सांधा बदलायला मदत होते, असा मी त्याचा अर्थ लावते.

मशीनच्या उपचारांबद्दल थोडक्यात. डोक्याबाहेरून चुंबकीय झटके देणारी टीएमएस पद्धत अमेरिकेत २००८पासून मान्य आहे, पुण्या-मुंबईतही मिळते, आणि गोळ्यांनी गुण न आलेल्यांसाठी विचारात घेण्याजोगी आहे. झटके कपाळाच्या डाव्या बाजूला देतात. एरिया २५च्या उलट्या तालात चालणारी जागा निवडली तर गुण जास्त येतो असं २०१२पासूनच्या संशोधनात दिसतं. त्याच एरिया २५मध्ये शस्त्रक्रियेने सौम्य वीज देणारी तार बसवण्याचा प्रयोग हेलन मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी टोरांटोमध्ये केला. २००५ साली ६ पैकी ४ रुग्णांना मोठा फायदा झाला होता, पण पुढच्या ९० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी खोट्या उपचाराहून (तार बसवलेली, पण वीज बंद) वेगळा परिणाम दिसला नाही. तो उपचार अजून प्रयोगातच आहे.

गोळ्यांनी विचार थांबतात का?

थांबत नाहीत, पण त्यांची धार जाते, असं बरेच जण सांगतात. परिणाम जाणवायला २ ते ६ आठवडे लागतात. आठ दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात.

विपश्यना करू का? नामस्मरण?

सजगतेवर आधारलेल्या आठ आठवड्यांच्या उपचारपद्धतीचा चांगला पुरावा आहे. २००० सालच्या चाचणीत, ज्यांना तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं. लक्षात घ्या, ही माणसं तेव्हा बरी झालेली होती. इगतपुरीसारख्या ठिकाणचं १० दिवसांचं मौन ही फार वेगळी, कठोर गोष्ट आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना केंद्रंसुद्धा ते सुचवत नाहीत. आजार ऐन भरात असताना दहा दिवस स्वतःच्या विचारांसोबत एकटं बसायला मी कुणाला सांगणार नाही.

नामस्मरणाबद्दल माझा अनुभव: मोठ्याने, माळेवर, तालात केलेला जप अनेकांना आधार देतो. विचार हाकलण्यासाठी दात-ओठ खाऊन केलेला जप पांढऱ्या अस्वलाकडेच नेतो.

चालायला जा म्हणतात. त्याने काय होणार?

स्टॅनफर्डमध्ये २०१५ साली ३८ निरोगी शहरी माणसांपैकी निम्म्यांना ९० मिनिटं झाडीतून आणि निम्म्यांना रहदारीच्या रस्त्याकडेने चालायला लावलं. झाडीतून आलेल्यांचं उगाळणं थोडं कमी झालं आणि एरिया २५च्या परिसरातली हालचालही मंदावली. एवढ्यावरून टेकडी म्हणजे औषध असं मी म्हणणार नाही. पण जवळ टेकडी, तलाव, शेताचा बांध असेल तर हायवेच्या फुटपाथऐवजी तिकडे जा.

रात्री जास्त का होतं?

दिवसभर बाहेरचं काहीतरी सांधा बदलायला भाग पाडतं: दारावरची बेल, शिटी, फोन. रात्री ते सगळं बंद. २० मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात तळमळू नका, उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा आणि डोळे जड झाले की परत या. नाहीतर अंथरूण हीच उगाळायची जागा होऊन बसते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला १५ मिनिटं ‘विचारांची वेळ’ म्हणून वही घेऊन बसा. रात्री विचार आला की ‘उद्या सहाला’ म्हणून वहीत एक शब्द टिपा.

बायकांमध्ये हे जास्त असतं का?

सरासरीने थोडं जास्त, आणि नैराश्य जवळजवळ दुप्पट. ज्या बाईला बोलायला जागा नाही, निर्णय हातात नाही, ती मनातल्या मनातच बोलणार. त्याला स्वभाव म्हणून मोकळं होऊ नये. पुरुषांचं उगाळणं पुष्कळदा चिडचिडीत नाहीतर दारूत लपतं, म्हणून मोजणीत येत नाही.

‘मी नसतो तर बरं झालं असतं’ हा विचारही फिरत राहतो. हे सांगायचं का?

सांगायचं. आजच, घरातल्या एका माणसाला. आणि १४४१६ला फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. कसं मरायचं याचे तपशील मनात यायला लागले असतील तर एकटं राहू नका, थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. घरच्यांनी असं कुणाकडून ऐकलं तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. विचारा, ऐका, सोबत राहा आणि कीटकनाशक, जास्तीच्या गोळ्या हाताशी ठेवू नका.

हे वाचतानाही मागे तेच चालू आहे. आत्ता काय करू?

उभे राहा. १० मिनिटांत संपेल असं हाताचं एक काम घ्या: पाण्याच्या बाटल्या भरणं, एक शर्ट इस्त्री करणं, लसूण सोलणं. विचार सोबत येईल, येऊ दे. हाताखाली काय घडतंय ते फक्त स्वतःशी बोलत राहा.

दुधाच्या ताई हेच करतात. पातेल्यापाशी उभ्या राहून पुटपुटतात, ‘कडेला बुडबुडे आले. साय धरली. वर येतंय. गॅस बारीक केला.’ परवा त्या आल्या तेव्हा मी विचारलं, कसा गेला आठवडा? म्हणाल्या, ‘नणंद रोज येते हो डोक्यात. पण दूध दोनच दिवस उतू गेलं.’